शरदातली रहस्यकथा आणि गावातला माग

मराठी रहस्यकथेला हंगाम आहे आणि तो शरदाचा आहे. आश्विन सरत आला की दिवाळी अंक निघतात आणि गूढ, गुन्हा व तपास यांच्या कथांना वर्षातली सर्वांत ऐसपैस जागा मिळते. पाऊस थांबलेला, रात्री लांबत चाललेल्या, अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागलेले. अशा वेळी घरात सुरक्षित बसून कुणाच्या तरी चोरीचा किंवा खुनाचा छडा लागताना पाहायचा, ही वाचनाची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. गेल्या दहाएक वर्षांत जगभर व्हिडिओ गेमचा एक प्रकार लोकप्रिय झाला आहे, त्यातही हेच सारे आहे. छोटे गाव, पानगळीचा काळ, बेपत्ता झालेले माणूस किंवा वस्तू आणि दारोदार चौकशी करत हिंडणारा खेळाडू. दिवाळी अंकातली रहस्यकथा आणि हा खेळ यांचे कूळ एकच आहे. उमापूरसारख्या गावाकडून हा इतिहास पाहिला म्हणजे त्यातली एक उणीव डोळ्यांत भरते. गावाने रहस्यकथा वाचली, पण रहस्यकथेने गावाकडे क्वचितच पाहिले.

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. हा तालुका गोदावरीच्या दक्षिण अंगाचा. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला ते राक्षसभुवन याच तालुक्यात, नदीकाठी आहे. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मराठी छापील वाङ्मयाची केंद्रे मुंबई आणि पुणे. त्यांच्यात आणि गेवराईत दीर्घकाळ संस्थानाची सीमा उभी होती. पण छापील रहस्यकथा येण्याच्या फार आधीपासून या भागाला तपासाचे एक शास्त्र ठाऊक होते. त्याला माग काढणे म्हणत.

दख्खनच्या गावगाड्यात चोरीचा तपास हे वतनाचे काम होते. पाटील गावाच्या बंदोबस्ताला जबाबदार आणि त्याच्या हाताखाली जागल्या. कुठे हे काम महारांकडे होते, कुठे रामोशी, भिल्ल किंवा कोळी यांच्याकडे. रात्री फेरी घालायची, गावात कोण आले व कोण गेले हे लक्षात ठेवायचे, प्रत्येक घरच्या माणसाची चालरीत ओळखायची आणि चोरी झाली तर उजाडताच मागावर निघायचे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे कमिशनर होते. त्यांच्या १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात ही पद्धत नोंदलेली आहे. जागल्या चोराच्या पावलांवरून निघे. पावले दुसऱ्या गावच्या शिवेत शिरली आणि त्या गावच्या जागल्याची तशी खात्री पटली की पहिल्याचे काम संपे; पुढचा माग दुसऱ्याने काढायचा. असे करत ज्या गावापाशी माग शेवटचा स्पष्ट दिसला, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येई. जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे आणि उरलेले साऱ्या गावावर बसायचे. ही भरपाई अन्यायाची आहे आणि ती पूर्णपणे क्वचितच वसूल होई, हेही एल्फिन्स्टन यांनी तिथेच लिहिले आहे.

या पद्धतीत तपासाचे मर्म पुरेपूर आहे. पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर, जमिनीवर आहे. तो वाचण्याची विद्या मात्र थोड्यांकडे. शिवेवर दोन गावचे जागले एकाच पाऊलखुणेकडे पाहतात आणि दोघांचे हितसंबंध विरुद्ध असतात, म्हणून पुरावा नुसता सापडून भागत नाही, तो समोरच्याला पटवावाही लागतो. शिवेचे ज्ञान हा या सेवकांचा मोठा अधिकार होता. हद्दीच्या तंट्यात महारांची साक्ष निर्णायक मानत. आणि याच माणसांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जिणे, वेठ आणि अपमान आला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा' या ग्रंथात या कामगारांची सारी व्यवस्था तपशिलाने येते. त्यांची काही मते आज पटण्याजोगी नाहीत, पण जागल्याचे काम समजून घ्यायचे तर त्या ग्रंथाला वळसा घालता येत नाही.

एल्फिन्स्टन यांचा ग्रंथ निघाला त्याच १८४१ साली अमेरिकेत एडगर ॲलन पो यांची 'द मर्डर्स इन द र्‍यू मॉर्ग' ही कथा प्रसिद्ध झाली. आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ तिथून धरतात. तिच्यातला पॅरिसचा बुद्धिमान गृहस्थ पोलिसांना न सुटलेला खून तर्काने सोडवतो. १८८७ साली आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स अवतरला आणि १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकातून घरोघर पोचला. होम्स चिखलातल्या पावलांवरून माणसाची उंची सांगतो तेव्हा इंग्रज वाचक थक्क होत. दख्खनच्या जागल्याला त्यात नवल वाटले नसते.

इंग्रजी राज्याने मात्र मागाची ही विद्या जोपासली नाही, उलट ती जाणणाऱ्यांवरच संशय ठेवला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरवला. ज्या जमातींना रान आणि वाटा पाठ होत्या, त्यांतल्या कित्येकांना हजेरी आणि बंदोबस्त भोगावा लागला. तपासाच्या दृष्टीने याहून मोठी अधोगती नाही, कारण कोणी केले हे शोधण्याआधीच उत्तर ठरलेले असे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी अशा जमातींतल्या पारधी समाजावरचा संशय आजही पुसला गेलेला नाही. बीड जिल्ह्यात तपासाची गोष्ट रचणाऱ्या कोणालाही हा इतिहास आधी वाचावा लागेल.

मराठी छापील रहस्यकथा या साऱ्यापासून दूर, शहरात जन्मली. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांनी इंग्रज कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांच्या आधाराने 'चतुर माधवराव', 'बंधुद्वेष', 'कालिकामूर्ति', 'विलासमंदिर' अशा कादंबऱ्या लिहिल्या. भुयारे, वेषांतरे, हरवलेले वारस आणि दुष्ट नातलग यांनी त्या भरलेल्या आहेत. त्यांत तपासापेक्षा चमत्कृती अधिक आहे, पण पुढे काय झाले या ओढीने पान उलटायची सवय मराठी वाचकाला त्यांनी लावली.

याच काळात रहस्यकथेला तिचा ऋतू मिळाला. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केले. बंगाली भाषेच्या प्रेमापोटी ते स्वतःला 'मित्र' म्हणवीत आणि काशिनाथ रघुनाथ मित्र याच नावाने ओळखले जात. १९०९ साली त्यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास शारदीय अंक निघतात. तिथेही रहस्यकथेने या अंकांत घर केले. सत्यजित राय यांची 'गँगटोके गंडगोल' ही फेलूदा या गुप्तहेराची कादंबरी १९७० साली 'देश'च्या शारदीय अंकातच आली. पावसाळा संपून सणांचे दिवस आले की माणसाला सवड मिळते आणि घरी परतलेल्यांना एकत्र वाचायला काही हवे असते. दोन्ही प्रांतांत रहस्यकथा या सवडीवर वाढली.

मराठीत पुढे अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' सुरू केला. त्यांच्याच 'नवल'ने गूढ आणि अद्भुताला स्वतंत्र मासिक दिले. 'धनंजय' आणि 'चंद्रकांत' यांचे दिवाळी अंक तर रहस्यकथेचेच म्हणून मागितले जात. साहित्यातल्या प्रतिष्ठितांनी या अंकांकडे फारसे पाहिले नाही. ती चूक होती, कारण नव्याने वाचू लागलेल्या कितीतरी घरांत पहिले अवांतर वाचन याच अंकांतून शिरले.

या वाचकवर्गाचा खरा बादशहा बाबूराव अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा सहायक छोटू, झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळापहाड ही पात्रे दोन पिढ्यांना घरच्या माणसांसारखी होती. पुस्तक लहान, किंमत कमी, कागद साधा. ते विकत घेणाऱ्यांपेक्षा रोजच्या भाड्याने वाचणारे अधिक. गल्लीतल्या छोट्या वाचनालयांचा धंदा बराचसा या पुस्तकांवर चाले. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या आधाराविना, कमी भांडवलात, नेमक्या वाचकासाठी केलेले हे काम होते. आज व्हिडिओ गेमच्या जगात ज्याला इंडी म्हणतात त्याची रीत तीच आहे. अर्नाळकरांचे बळ वेगात आहे. पहिल्या पानावर संकट, चौथ्यावर पाठलाग. पण त्यांचा वाचक धनंजयच्या मागे धावतो, त्याच्या बरोबरीने विचार करायला त्याला उसंत नसते. पुरावा वाचकाच्या हातात पडत नाही. शिवाय सारे काही मुंबईत घडते. बंगले, मोटारी, बंदर, हॉटेले. गावच्या वाचकाला त्यातून मुंबईचे दर्शन होई हे खरे, पण स्वतःचा परिसर कधी दिसत नसे.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक यांनीही हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि अमर विश्वास हे नायक उभे केले. फिरोज आणि अमर यांच्या कथांनी तपासाला न्यायालयाची उलटतपासणी जोडली. मराठवाड्यात ही पुस्तके एस.टी. स्थानकांवरच्या स्टॉलवरून आणि सार्वजनिक वाचनालयांतून पोचली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना वर्ग ठरवून अनुदान मिळू लागले आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा फिरवणे हा अनेक वाचनालयांचा नेम झाला. कायद्याच्या दृष्टीने गावातला तपासही त्याच वर्षी नव्या चौकटीत आला. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरागत पोलीस पाटलाच्या जागी नेमलेला पोलीस पाटील आला. गावातल्या घटनेची पहिली खबर ठाण्याला देणारा माणूस आजही तोच असतो, आणि मराठी रहस्यकथेत तो अजून नायक झालेला नाही.

मुंबई-पुण्याचा परीघ ओलांडण्याचे श्रेय एका मुलाला द्यावे लागते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, मूळचा फुरसुंगीचा. शिकायला पुण्याला, पण सायकल हाती आली की कुठेही. प्रतापगड, काश्मीर, सीमेवरचे युद्ध, सगळीकडे तो पोचतो. फेणेच्या कथांत वाचकाला त्याच्या शेजारी उभे राहून बघता येते. तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढून फेणे थबकला की वाचकही थबकतो आणि मागे जाऊन काय निसटले ते शोधतो. अर्नाळकरांच्या वेगातून जे राहून गेले होते ते भागवतांनी मुलांना दिले. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने फेणे साकारला आणि २०१७ साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघने. दरम्यान भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला होता, पुढे अशोक जैन यांच्या अनुवादांतून फेलूदाही आला.

वाचकाला तपासात ओढण्याची ही धडपड दुसरीकडे संगणकावर चालू होती. १९७६ साली विल क्राउदर यांनी गुहेत भटकण्याचा एक खेळ लिहिला, नुसत्या शब्दांचा. खेळणारा दोन शब्दांची आज्ञा टंकतो आणि संगणक पुढचे वर्णन दाखवतो. ॲडव्हेंचर गेम हे नाव त्या खेळापासून रूढ झाले. १९८० साली रोबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने 'मिस्टरी हाउस' काढला. बंद घर, एकामागून एक खून आणि पडद्यावर रेघांची साधी चित्रे. इन्फोकॉम या कंपनीच्या १९८२च्या 'डेडलाइन'ने त्यापुढे मोठी मजल मारली. खेळणारा पोलीस अधिकारी आणि तपासाला बारा तास. सारा मजकूर डिस्कवर मावेना म्हणून जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो आणि गोळ्यांची पुडी हे सारे खोक्यातच घातले होते. पुरावा वाचकाच्या हातात द्यायचा, ही गोष्ट इथे शब्दशः झाली.

जपानमध्ये युजी होरी यांनी १९८३ साली 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा खेळ केला. त्याचे स्थळ कोबे शहर आणि आसपासचा प्रदेश. पुढच्याच वर्षी त्यांनी होक्काइडो बेटावरचा खेळ रचला; त्यात तपास करता करता त्या बेटावरची गावे पाहून होतात. खेळ कुठे घडतो याला महत्त्व देण्याची ही परंपरा जपानने टिकवली आणि तिकडच्या रहस्याच्या खेळांना जो स्थानिक वास येतो तो तिच्यामुळे.

१९९०च्या दशकात हा प्रकार मोठ्या कंपन्यांच्या हाती भरभराटीला आला आणि दशकाच्या अखेरीस मागे पडला. त्याच सुमारास मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालायचे व्हिडिओ गेम आले. त्यांत धावणे, उड्या आणि गोळीबार होता. तपासाचे खेळ त्यांत आले नाहीत, कारण त्यांना भाषा लागते आणि कॅसेटची भाषा इथल्या मुलांची नव्हती. उमापूरच्या पिढीची व्हिडिओ गेमशी ओळख झाली ती अशी, गोष्टीविना. २०१६ साली स्वस्त डेटा आल्यावर फोन हाच खेळाचा पडदा झाला, पण फोनवरही चलती राहिली ती गोळीबाराच्याच खेळांची.

तपासाच्या खेळाचा दुसरा बहर छोट्या मंडळींनी आणला. खेळ बनवण्याची साधने स्वस्त झाली, इंटरनेटवरून थेट विक्री होऊ लागली, तेव्हा दोन-तीन माणसांचा चमू पुन्हा तपासाकडे वळला. सॅम बार्लो यांचा 'हर स्टोरी' २०१५चा. त्यात एका बाईच्या पोलीस जबानीचे तुकडे शोधून जोडायचे. लुकास पोप यांच्या २०१८च्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये भुताळ जहाजावरच्या साठ माणसांचे काय झाले ते ठरवायचे. त्याच वर्षी 'फ्रॉग डिटेक्टिव्ह' आला आणि उबदार म्हणावा असा उपप्रकार ठळक झाला. त्यात मरण नाही, घड्याळ नाही, हरणे नाही. शेजाऱ्यांशी बोलायचे, वस्तू गोळा करायच्या आणि छोटेसे कोडे सोडवायचे.

या साऱ्यांत मराठवाड्याच्या सर्वांत जवळचा खेळ 'नाइट इन द वुड्स' हा आहे. तो २०१७ साली आला. त्याच्या निर्मात्यांनी २०१३ साली लोकवर्गणीतून पैसे उभे केले होते. पॉसम स्प्रिंग्ज हे अमेरिकेतले एक कल्पित गाव, तिथली खाण बंद पडलेली, दुकानांना कुलपे. कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेली मे नावाची मुलगी शरदात घरी परतते, सुगीचा सण जवळ येतो आणि एक जुना मित्र बेपत्ता आहे हे तिला कळते. पडद्यावरची पात्रे मांजर, मगर, कोल्हा यांच्या रूपात आहेत, पण त्यांची दुःखे माणसांची आहेत. काम गेले की गावाचे काय होते, हाच त्या खेळातला खरा तपास आहे.

बीड जिल्ह्यातला शरद हाच प्रश्न दरवर्षी मांडतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमांच्या मागे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिची उचल आधीच घेतलेली असते. काही दिवसांत वस्त्या ओस पडतात आणि मागे म्हातारी माणसे व शाळकरी मुले राहतात. मागे उरलेल्या गावात कापसाची वेचणी चालू असते, रब्बीची ज्वारी उगवून आलेली असते, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो. तपासाच्या उबदार खेळाला जे लागते ते या दृश्यात आहे. मोजकी माणसे, एकमेकांची नाती ठाऊक असलेली, एकमेकांपासून काही लपवणारी, आणि ओलसर मातीवरची पावले. कागदपत्रांचे कोडे घालायचे तर सातबारा, फेरफार आणि मुकादमाची वही यांहून गुंतागुंतीचा पुरावा कोणत्याही परदेशी खेळात सापडणार नाही. छोट्या चमूला मुंबई चितारणे परवडत नाही. पार, चावडी, देऊळ, बारव आणि वीस घरे परवडतात.

महाराष्ट्रात हे काम करू शकणारे लोक आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला आणि भारतीय चित्रशैली व पुराणकथा घेऊन लहान चमू जगाच्या बाजारात उभा राहू शकतो हे सिद्ध केले. रहस्यकथेचा शतकभराचा अनुभव मराठीच्या गाठीला आहे, तयार वाचक आहे, वर्षातला ठरलेला हंगामही आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एका दिवाळीत कथेऐवजी तपासाचा एक खेळ लिहवून घ्यावा, तो फोनवर चालावा, त्याची भाषा गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची, असावी आणि त्यातला शोध घेणारा मुंबईहून आलेला नसावा.